नॅट: दोन सीटचं एक सीट करताना

एकाने विचारलंय की एअरफिक्स कंपनीच्या प्लास्टिक मॉडेल-किटमधल्या जुन्या १/७२ (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाच्या) नॅट ट्रेनरपासून, म्हणजे दोन सीटच्या प्रशिक्षण विमानापासून, आपल्या हवाईदलाचं, १९६५ आणि ७१ ची युद्धं गाजवलेलं एका सीटचं नॅट लढाऊ विमान बनेल का. बनेल, पण फक्त मागची सीट झाकून भागणार नाही. खऱ्या ट्रेनरच्या पंखांचा विस्तार ७.३ मीटर, फायटरचा ६.७. म्हणजे मॉडेलमध्ये पंख एकूण ८ मिमीने आखूड हवेत आणि धड जवळपास १३ मिमीने. पंखांची रुंदीही वेगळी आहे. नुसती टोकं छाटली तर जाणकाराला लगेच कळेल (आणि जाणकार गप्प बसत नाहीत!). मी मूळ पंख मोडीत काढून प्लास्टिक शीटचे नवेच कापले.

कॅनॉपीसाठी, म्हणजे वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणासाठी, लाकडाचा साचा कोरला आणि पारदर्शक शीट मेणबत्तीवर तापवून त्यावर ओढली. तिसऱ्या प्रयत्नात जमलं, पहिल्या दोन्ही करपल्या. पत्र्यांचे सांधे दाखवणाऱ्या उठावाच्या पॅनल-रेषा वॉटर पेपरने (ओल्या पॉलिश पेपरने) घासून सुईने नव्या कोरा. आणि धड चिकटवण्याआधी नाकात मासेमारीच्या गळाचं शिसं भरा, नाहीतर विमान शेपटीवर बसेल. माझं बसलं होतं.