खाणीची काळी माती : किती खोल खरवडायची, किती उंच रचायची?

वणीचा_बांध (प्रश्न)
बीएस्सी अ‍ॅग्री झालोय. वणी भागातल्या एका उघड्या कोळसा खाणीवर कंत्राटदाराकडे माती-झाडांचं काम बघतो. पुढच्या कटची (खणायच्या पट्ट्याची) सहा हेक्टर जमीन मेअखेर मोकळी करायची आहे. साहेब म्हणतात, सरसकट एक मीटर खरवडा आणि एका ढिगात टाका. मी सहा खड्डे घेतले. चढावर काळी माती जेमतेम 40 सेंटीमीटर, नाल्याच्या अंगाला सव्वा मीटर. खाली पिवळसर थर, त्यात चुनखडीचे खडे. जवळच आधीच्या कटमधला पाच वर्षांचा ढीग पडून आहे, सहा मीटर उंच. तीही माती डंपवर, म्हणजे खाणीतून काढलेल्या दगड-मातीच्या डोंगरावर, पसरायची म्हणतात. काय करू?

राखेचा_डोंगर
माती कोण बघतो भाऊ! सुबाभूळ लावा, फोटो काढा, हिरवं दिसलं की झालं.

जुना_सुपरवायझर
वरच्या भाऊंचा वैताग कळतो. तसले फोटो मीही काढलेत. पण पोरानं खड्डे घेतलेत, तेव्हा नीट सांगतो.

आधी एक मीटरचं बघ. बिल घनमीटरवर निघतं ना? मग जितकं खोल तितकं कंत्राटदाराला बरं. चढावर एक मीटर खरवडलास तर 40 सेंटीमीटर कसाची माती आणि 60 सेंटीमीटर चुनखडीची पिवळी एका बकेटात येईल. एकदा मिसळली की वेगळी काढता येत नाही. पातळ आम्लाचे दोन थेंब टाक, जिथून जोरात फेस येतो तिथे चुना वाढला. पण नुसत्या फेसावर जाऊ नकोस, आपली वरची काळीसुद्धा थोडीफार फसफसते. मुळं कुठपर्यंत गेलीत, ढेकूळ कसं फुटतं, तेही बघ. दोन्ही थरांचे नमुने पीएच, क्षारता आणि सोडियमसाठी दे. चोपण, म्हणजे सोडियम वाढलेली, माती वर आली तर पावसात चिखल आणि उन्हात वीट.

सहा खड्डे म्हणजे हेक्टरी एक, सपाट शेताला पुरले असते. तुझ्याकडे उतार आहे. चढ ते नाला अशा रेषेत आणखी आठ-दहा घे. मग रंगीत खुंट्या मार, ड्रायव्हरला नकाशा नको असतो, खुंटी लागते. आणि दोन थरांचं माप वेगळं लिहून घे, नाहीतर भांडण ठरलेलं.

सरासरी 40 सेंटीमीटर धरलं तरी सहा हेक्टरची 24,000 घनमीटर माती झाली. उकरल्यावर ती फुगते, वीस टक्के धर. तीन मीटरपेक्षा उंच रचायची नाही म्हटलं तर अडीच एकर जागा लागेल, उतार वेगळा. एवढी जागा साहेब देणार नाहीत. म्हणून खरा उपाय म्हणजे ढीगच नको. तयार झालेल्या डंपचा माथा मोकळा असेल तर हायवा (मोठे टिपर) थेट तिथे रिकामे कर. जिवंत माती जिवंतच पोचते.

आता ओल. पेरणीचा वाफसा वेगळा, पोकलेनचा वेगळा. पोकलेनला त्याहून कोरडी माती हवी. मुठीत दाबून लाडू वळला, की काम थांबव. एका वर्षी जूनमध्ये, मृगाच्या पावसानंतर, वरून दट्ट्या होता म्हणून मी दोन हेक्टरवर माती पसरवली. डंपचा माथा हायवांनी दाबून दगड झालेला, तो फोडलाही नाही. ऑगस्टमध्ये तिथे तळं साचलं. कडुलिंबाची रोपं हलक्या हातानं उपटून यायची, मुळं आडवी पसरलेली. खालची जमीन आधी रिपरने (डोझरच्या मागच्या लोखंडी दातानं) अर्धा मीटर फाड, मग माती टाक, आणि पसरलेल्या मातीवरून हायवा पुन्हा नेऊ नकोस.

शिवारातली_ताई
आमचं वावर खाणीच्या शेजारी आहे. डंपच्या उतारावर काळी माती टाकलेली, दोन पावसाळ्यांत घसरून निम्मी नाल्यात. काळी माती उतारावर टाकायचीच कशाला?

जुना_सुपरवायझर
ताईंचं बरोबर आहे. परवान्यात डंपचा उतार 28 अंशांच्या आत ठेवायला सांगतात, पण काळी माती भिजली की फुगते आणि तेवढ्यावरही सरकते. उतारावर मुरमाड माती आणि गवत. काळी माथ्यावर ठेवा, जाड थरात.

वणीचा_बांध
आणि जुना ढीग?

जुना_सुपरवायझर
मधोमध फोडून वास घे. डबक्यासारखा आंबूस येईल आणि माती निळसर-करडी दिसेल तर आत हवा गेलेली नाही. मुळांसोबत राहणारी बुरशी, गवताचं बी, सगळं जवळपास संपलेलं. फेकायची नाही. वरचा मीटरभर थर वेगळा काढ, विरजण म्हणून आतल्या मातीत मिसळ. शेणखत दे, पहिल्या पावसावर ताग किंवा धैंचा पेर, फुलावर आला की गाड. नव्या ढिगावरही हेच पेरायचं, नाहीतर गाजरगवत आहेच.

नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं गुमगावच्या मँगनीज खाणीच्या डंपवर साखर कारखान्याचं प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणि जिवाणू खतं वापरून झाडं उभी केली होती. तिकडचं वाचून घे.

वणीचा_बांध
आज ढीग फोडला काका. साडेतीन मीटरवर तोच वास. ऑपरेटरनं तोंडाला रुमाल बांधला. साहेबांना एक मूठ नेऊन दाखवली, त्यांनी खिडकी उघडली आणि दोन थरांचं माप वेगळं लिहायला हो म्हणाले. अडीच एकर जागेला मात्र नाहीच. उद्या सकाळी खुंट्या. लाल म्हणजे 40, पिवळी म्हणजे 80, हिरवी म्हणजे सव्वा मीटर.

शिवारातली_ताई
खुंट्या लोखंडी मारा. लाकडी मारल्या तर रात्रीतून चुलीत जातील.