क्रुसेडर किंग्ज ३ चा मॉड गेम चालू न करता तपासता येतो का? (लॅपटॉप जुना, लाईटचा भरवसा नाही)

परभणीकर_पोरगं

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहायलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

मी क्रुसेडर किंग्ज ३ (मध्ययुगातली राजघराणी चालवायचा गेम) साठी देवगिरीच्या यादवांचा एक बारका मॉड, म्हणजे गेममधे आपण घातलेली भर, बनवायलो. घराणं एक, कॅरेक्टर चार-पाच, दोन-तीन टायटलची (राज्य-पदव्यांची) नावं आणि सहा इव्हेंट (खेळताना मधे येणारे प्रसंग), बस एवढंच. मराठी कल्चर गेममधे आधीपासूनच हाय त्यामुळं तिकडं हात लावायची गरज पडली नाही.

अडचण अशी की माझा लॅपटॉप आय३, ८ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. गेम उघडून मेन मेनू येईपर्यंत आठ-नऊ मिनिटं जातात, तेवढ्यात चहा करून पिऊन होतो. एक कंस बदलायचा, गेम बंद, परत चालू, परत आठ मिनिटं, आणि त्यात लाईट गेली की बॅटरी वीस मिनिटांच्या वर टिकत नाही. काल रात्री चारदा टेस्ट करायला बसलो आणि तीनदा अर्ध्यातच लाईट गेली. आई म्हणली यादवांचं राज्य बुडालं तेच बरं झालं.

आता काय काय बिघडलंय ते सांगतो:

पहिलं, इव्हेंटचं नाव, वर्णन, बटण सगळ्याच्या जागी नुसती की (मजकुराचं आतलं नाव) दिसते, म्हणजे यादव डॉट ०००१ डॉट टी असलं कायतरी. लोकलायझेशनच्या (पडद्यावर दिसणाऱ्या मजकुराच्या) फाइलमधे मजकूर लिहिलेला हाय, दहादा बघितलं.

दुसरं, इव्हेंट फाइलमधले पहिले दोन चालतात, तिसरा अर्धवट, चौथ्यापासून खालचे गायबच.

तिसरं, भिल्लमाला १०४० चा जन्म दिला, गेम १०६६ ला चालू केला, तर कॅरेक्टर येईनाच गेलंय.

स्टीममधनं व्हेरिफाय करून बघितलं, सगळं बरोबर म्हणतंय. कमांड लाइनवरून मॉड तपासायचं काय असतंय का? विंडोज १० हाय.

---

गोदाकाठ_नांदेड

स्टीमचं व्हेरिफाय फक्त गेमच्या मूळ फायली बघतं, तुझा मॉड फोल्डर त्याच्या हिशोबात येतच नाही, त्यामुळं ते बरोबरच म्हणणार.

तुला पाहिजे ती गोष्ट म्हणजे सीके३-टायगर. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, रस्ट या भाषेत लिहिलंय. हे टूल गेमच्या मूळ स्क्रिप्ट फायली वाचतं, मग तुझ्या मॉडच्या वाचतं आणि दोन्ही ताडून सांगतं की कुठल्या फाइलमधे कितव्या ओळीवर काय खटकलं. इव्हेंटमधे एखादं ट्रेट (कॅरेक्टरचा गुण) वापरलं पण ते गेममधे पण नाही आणि मॉडमधे पण नाही, किंवा कीला मजकूरच नाही, असलं सगळं पकडतं. गेम उघडावा लागत नाही, फक्त गेम इन्स्टॉल असावा लागतो. तुझ्या हार्ड डिस्कवर पण आठ मिनिटं काय लागणार नाहीत.

चालवायचं असं: टर्मिनल उघड, टायगरच्या फोल्डरमधे जा, प्रोग्रामचं नाव लिही आणि पुढं तुझ्या मॉडच्या डॉट मॉड फाइलचा पत्ता दे. ती डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरात, मॉड नावाच्या फोल्डरमधे असते. पत्त्यात जागा सुटलेल्या असतात म्हणून पत्ता अवतरणात टाक, नाहीतर अर्ध्यातच तुटतं. गेम भलत्या ड्राइव्हवर असला आणि त्याला सापडला नाही तर डॅश डॅश गेम लावून फोल्डर सांगता येतो. हे सगळं नको असलं तर त्याच झिपमधे ऑटो नावाचं दुसरं एक्सई असतं, ते तुझ्या मॉडची यादी दाखवतं, त्यातला एक निवडायचा.

शेवटी मोठं-पेक्षा चिन्ह आणि एका टेक्स्ट फाइलचं नाव टाक म्हणजे आउटपुट तिच्यात जाईल. पहिल्या वेळी तक्रारींचा एवढा पाऊस पडतो की टर्मिनलमधे वाचणं होत नाही.

आणि एक लक्षात ठेव, टायगरचं व्हर्जन गेमच्या व्हर्जनशी जुळणारं घे. गेम अपडेट झाला आणि टायगर जुनाच राहिला तर नव्या गोष्टी त्याला माहीतच नसतात आणि तो चांगल्या कोडला पण चूक म्हणत सुटतो. मी एकदा असल्या खोट्या एररी 'दुरुस्त' करत अख्खा रविवार घालवला, आणि शेवटी मॉड होता त्यापेक्षा बिघडला.

---

लातूर_पॅटर्न

टायगर चांगलंच आहे, पण माझं मत विचारशील तर आधी तीन साध्या गोष्टी बघून घे, कारण तुझी तिन्ही लक्षणं मला ओळखीची वाटायलीत. गिट बॅश (लिनक्ससारख्या कमांड चालवायचं टर्मिनल) टाक, त्यात फाइल, ग्रेप (मजकूर शोधायला), सेड (मजकूर बदलायला) सगळं येतं. (मोबाईलवर मराठी कीबोर्डनं लिहायले, कमांड तू इंग्रजीत टाक.)

कीच दिसते त्याचं कारण नव्वद टक्के बीओएम. या गेमच्या लोकलायझेशन फायली यूटीएफ-८ असून चालत नाही, बीओएमसकट यूटीएफ-८ लागतात. बीओएम म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला तीन बाइट, ईएफ, बीबी, बीएफ. डोळ्याला दिसत नाहीत. विंडोज १० चं नोटपॅड १९०३ व्हर्जनपासून आपल्या मनानं बीओएमशिवाय सेव्ह करतं, आणि गेम मग ती फाइल घेतच नाही, तुझा मजकूर कितीका चांगला असेना. तपासायला फाइल ही कमांड दे आणि पुढं वायएमएल फाइलचं नाव, उत्तरात विथ बीओएम आलं तर ठीक. नाही आलं तर व्हीएस कोडमधे खाली उजवीकडं यूटीएफ-८ लिहिलेलं असतं त्यावर क्लिक करून बीओएमसकट सेव्ह कर. तिथंच फाइलचं नाव अंडरस्कोर एल अंडरस्कोर इंग्लिश असं संपतं का तेही बघ, आणि आत पहिल्या ओळीला एल अंडरस्कोर इंग्लिश आणि कोलन.

तिसऱ्या इव्हेंटपासून गायब म्हणजे महिरपी कंस. उघडे किती आणि बंद किती ते मोज: ग्रेपला डॅश ओ लावला की प्रत्येक कंस वेगळ्या ओळीवर येतो, तो डब्ल्यूसी डॅश एल मधे पाइप केला की आकडा मिळतो. दोन्ही आकडे सारखे यायला पाहिजेत. पण आधी सेडनं हॅशपासून पुढचा भाग उडव, नाहीतर कॉमेंटमधले (हॅशपुढं आपल्यासाठी लिहिलेल्या टिपणांतले) कंस पण मोजले जातात आणि हिशोब चुकतो.

भिल्लम का येत नाही ते फाइल बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. पण तू फाइलमधे मराठीत कॉमेंट लिहितोस का?

---

परभणीकर_पोरगं

हो ताई, मराठीतच लिहितो, नाहीतर मलाच आठवत नाही कोण कोणाचा बाप. कामून?

---

लातूर_पॅटर्न

मग कोडमधे एस्कीबाहेरचं अक्षर शिरलंय का बघ. सेडनं कॉमेंट उडव, मग ग्रेपला डॅश एन आणि डॅश कॅपिटल पी लाव आणि पॅटर्न दे: चौकोनी कंसात कॅरेट, बॅकस्लॅश एक्स ००, डॅश, बॅकस्लॅश एक्स ७एफ. म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांच्या बाहेरचं जे जे असेल त्या ओळी नंबरसकट येतील. फाइलला बीओएम असेल तर पहिली ओळ त्याच्यामुळं येते, ती सोडून दे. तुझे मराठी कॉमेंट सेडनं आधीच गेलेले असतात म्हणून ते मधे येत नाहीत, आणि सेड ओळी खात नसल्यामुळं नंबर पण तेच राहतात.

व्हॉट्सअॅप नाहीतर वर्डमधून काही चिकटवलं असशील तर वाकडी अवतरणचिन्हं पण यातच सापडतील.

---

परभणीकर_पोरगं

दादा, ताई, दोघांच्या पाया पडतो.

बीओएम नव्हताच. व्हीएस कोडमधनं सेव्ह केलं, बॅटरीवर असताना गेम उघडायची रिस्क घेतली आणि पहिल्याच इव्हेंटला पूर्ण नाव दिसलं, घरात ओरडलो.

आणि भिल्लम. हसू नका. एकच ओळ आली ग्रेपमधे, जन्मतारखेची. वरच्या ओळीला मराठीत कॉमेंट लिहिला होता, कीबोर्ड मराठीवरच राहिला, ध्यानात आल्यावर बदलला पण तोवर १०४० मधला एक शून्य मराठी पडला होता. मराठी शून्य आणि इंग्रजी शून्य त्या फॉन्टमधे एवढे सारखे दिसतात की मी ती ओळ पन्नासदा वाचली असेल. गेमच्या दृष्टीनं ती तारीखच नव्हती.

कंस: उघडे ६१, बंद ६०. आता हा एक कुठं गेला ते कळंना. टायगर म्हणतंय की ओळ ४७ वर उघडलेला कंस बंदच झाला नाही. ४७ वर तिसऱ्या इव्हेंटची सुरुवात हाय. मी शेवटी एक कंस लावून टाकला, एरर गेली, पण चौथा इव्हेंट तरी येईना.

---

गोदाकाठ_नांदेड

इथंच सगळे फसतात बघ. ४७ वरचा कंस बंद झाला नाही हे खरं, पण हरवलेला कंस त्याचा असेलच असं नाही. कंस जोडी लावताना शेवटी उघडलेला आधी बंद होतो. समज आतल्या ऑप्शनचा कंस तू विसरलास, तर इव्हेंटच्या शेवटी तू लावलेला कंस त्या ऑप्शनला जाऊन बसतो आणि इव्हेंटचा उघडा राहतो, मग बोट इव्हेंटकडं जातं. घरातला एक जण जेवायला आला नाही आणि ताट मात्र म्हाताऱ्याचं रिकामं दिसायलं, तसं.

आता तू फाइलच्या शेवटी कंस लावलास म्हणजे चौथा, पाचवा, सहावा सगळे तिसऱ्याच्या पोटात गेले. आकडे जुळले पण अर्थ बिघडला. शेवटचा कंस काढ, ४७ पासून चौथा इव्हेंट सुरू होईपर्यंतच्या ओळी बघ, तिथंच कुठंतरी आहे. व्हीएस कोडमधे कंसावर कर्सर ठेवला की जोडी उजळते, आतून बाहेर एकेक तपासत ये. ऑप्शन किंवा ट्रिगर ब्लॉक, ह्यातच असतो शक्यतो.

बाकी टायगरच्या रिपोर्टमधे फेटल आणि एरर आधी घे. वॉर्निंग नंतर. अनटायडी आणि टिप्स मॉड चालायला लागल्यावर निवांत बघ. कंसाची एक चूक सुटली की तिच्यामुळं आलेल्या वीस-पंचवीस तक्रारी आपोआप जातात, त्यामुळं एक दुरुस्ती केली की परत चालव, सगळी यादी घेऊन बसू नको. एखादी तक्रार मुद्दाम तशीच ठेवायची असली तर मॉडच्या फोल्डरात सीके३-टायगर डॉट कॉन्फ बनवून फिल्टर लावता येतो.

---

दौलताबादी

टूलचं तुमचं चालू द्या, मी किल्ल्याच्या पायथ्याचा माणूस आहे म्हणून राहवलं नाही. टायगर व्याकरण तपासतं, इतिहास नाही! १०६६ ला देवगिरीला यादवांची राजधानी दाखवलीस तरी ते हूं की चूं करणार नाही.

१०६६ ला यादव हे कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, उमर्ग्याहून फार लांब नाही. गादीवर सोमेश्वर पहिला, तो १०६८ ला गेला. यादवांचं ठाणं तेव्हा सिन्नरकडं, नाशिक जिल्ह्यात, जिथं गोंदेश्वराचं देऊळ आहे. देवगिरीला राजधानी नेली ती भिल्लम पाचव्यानं, स्वतंत्र झाल्यावर, ११८७ च्या आसपास. भिल्लम नावाचे त्या घराण्यात बरेच झालेत, पण तुझ्या डोक्यातला हा पाचवाच असणार, आणि त्याला तू कितीतरी वर्षं आधी जन्माला घातलास. मराठी शून्यानं तुझी लाज राखली म्हणायची.

गेममधे २०२४ च्या डीएलसीसोबत (विकतच्या जादा भागासोबत) ११७८ ची सुरुवात आलीय ना? ती घे. भिल्लम पाचवा बरोबर तेव्हा वर यायला लागलेला, देवगिरी अजून हातात यायचीय, चालुक्य खिळखिळे झालेत, होयसळ दक्षिणेत टपून बसलेत. खेळायला पण तिथंच मजा आहे.

---

लातूर_पॅटर्न

११७८ घेतलंस तर हिस्टरी फोल्डरमधल्या टायटलच्या तारखा पण बदलाव्या लागतील, नुसता जन्म बदलून भागणार नाही. आणि गेमची अख्खी टायटल फाइल कॉपी करून तिच्यात बदल करू नको, त्याच नावाची फाइल ठेवली की मूळ फाइल पूर्ण झाकली जाते, पुढच्या अपडेटला सगळं गडबडतं.

---

परभणीकर_पोरगं

कंस सापडला. ओळ ६३, दुसऱ्या ऑप्शनच्या शेवटी. तो लावला, खालचा काढला, ६१ ला ६१. टायगरची यादी १३८ वरून १९ वर आली, त्यात एरर एकच, मी ब्रेव्ह ट्रेटचं स्पेलिंग चुकवलंय.

दौलताबादी काका, तुमचं बरोबर हाय, मी शाळेत वाचलेलं तेवढ्यावरच चाललो होतो. ११७८ ची सुरुवात मला दिसायली, भिल्लम तिकडं नेतो आणि १०६६ चा बेत सोडून देतो. फक्त देवगिरी त्याला कशी मिळवून द्यावी, इव्हेंटनं का डिसिजननं (अटी पुऱ्या झाल्यावर खेळणाऱ्यानं स्वतः घ्यायचा निर्णय), ते ठरंना. डिसिजन केलं तर खेळणाऱ्याला आधी लढून जिंकावं लागंल ना?

---

दौलताबादी

डिसिजनच कर. फुकट मिळालेला देवगिरी काय कामाचा. आणि जमलंच तर अट अशी ठेव की त्या वेळी तो कोणाचा मांडलिक नसावा.