आईला डांग्या खोकला असेल का? घरात पाच आठवड्यांचं बाळ आहे, मदत हवी आहे

नमस्कार. बाळंतपणासाठी माहेरी इंदूरला, रामबागेत आले आहे. मुलगी पाच आठवड्यांची झाली आणि आई गेले तीन आठवडे खोकते आहे.

आधी नुसती सर्दी होती. वर्षाचे गहू भरायचं काम चाललं होतं, तेव्हा धूळ गेली असेल असं आम्हालाही वाटलं, डॉक्टरांनाही. ॲलर्जीच्या गोळ्या झाल्या. ताप नाही, दिवसा बरी असते. पण काल रात्री मी दिवा लावून तिच्याजवळ बसले. पलंगाची कड धरून ती एका दमात चौदा-पंधरा वेळा खोकली, मधे श्वास घ्यायलाही फुरसत नाही, चेहरा लालबुंद. शेवटी मोठा आवाज करत श्वास आत ओढला आणि जेवलेला दहीभात उलटून पडला. शेजारच्या आजींनी भिंतीपलीकडून ऐकलं असावं. सकाळी म्हणाल्या, "ये तो काली खांसी है." म्हणजे आपला डांग्या खोकलाच ना?

हा बोर्डेटेला पर्टुसिस नावाचा जिवाणू श्वासनलिकेतल्या बारीक केसांना चिकटतो आणि लहानपणीच्या लशीचं बळ काही वर्षांत ओसरतं, एवढं वाचलं. पण खरा धसका बसला तो माझं कार्ड पाहून. गरोदरपणी मला टीडी दिली होती. त्यात धनुर्वात आणि घटसर्प आहे, डांग्या खोकला नाही! बाळाची पेंटाची (डांग्या खोकल्यासह पाच आजारांवरच्या लशीची) पहिली सुई सहाव्या आठवड्यात, म्हणजे पुढच्या मंगळवारी.

आणि रोज बाळाला तेल लावून पायांवर न्हाऊ घालते ती आईच. तिला लांब राहा म्हणायला जीभ रेटत नाही. मोठ्यांची तपासणी कशी होते? तीन आठवड्यांनी औषधाचा उपयोग होतो का? कृपा करून लवकर सांगा.

प्रतिसाद:
ताई, बाळाला आजच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. इतक्या लहान बाळाला खोकला येईलच असं नाही, श्वासच मधे थांबतो, ओठ निळे पडतात. तसं दिसलं तर मध्यरात्र असली तरी थेट इस्पितळ गाठा. आईंचा नाकातून आत, घशाच्या वरच्या भागातून स्वॅब घेऊन पीसीआर (जंतूचा अंश शोधणारी तपासणी) करतात. चौथ्या आठवड्यानंतर जंतू सापडणं कठीण होत जातं, म्हणून तेही आजच. ॲझिथ्रोमायसिन हे जंतू मारणारं औषध साधारण पाच दिवस देतात. उबळ त्याने लगेच जात नाही, ती आणखी काही आठवडे राहू शकते, पण दुसऱ्याला लागण होणं थांबतं. घरातल्या इतरांनाही द्यायचं का, हे डॉक्टरांना विचारा. तोवर आईंना वेगळ्या खोलीत झोपवा. मंगळवारची सुई बाळाला तपासून डॉक्टर सांगतील तशी, पण आपण होऊन पुढे ढकलू नका.

मूळ लेखिका:
खूप आभार. रिक्षा बोलावली आहे. आईला भीत भीत सांगितलं, तर म्हणाली, "अगं, मग तूच घाल न्हाऊ, मी दारातून सांगते कसं धरायचं ते." तोंडाला पदर लावून उंबऱ्याबाहेर उभी आहे.