मदत हवी आहे: एंटरलॅक काउलच्या फक्त उलट थरात भोकं पडतायत

एंटरलॅक (तिरके चौकोन टोपलीसारखे एकमेकांत गुंफल्यासारखे दिसतात ते विणकाम) काउल, म्हणजे गळ्याभोवतीचा बंद स्कार्फ, गोल विणतेय. 80 टाके, म्हणजे 8 टाक्यांचे 10 चौकोन. 4 मिमीची गोल सुई, रंग बदलत जाणारी लोकर. पायाचे त्रिकोण आणि सुलट बाजूचा थर छान जमला. विणकाम उलटवून पुढचा थर घेतला की मात्र चौकोनांचे कोपरे भेटतात तिथे भोक पडतं, पेन्सिलचं टोक सहज जाईल एवढं! सुलट थरात का नाही, हेच कोडं आहे.

ओळीचा पहिला टाका न विणता सरकवते, त्यामुळे चौकोनाच्या 16 ओळींच्या कडेला 8 साखळ्या मिळतात. त्यातून 8 टाके उचलते. साखळीचे दोन्ही धागे घेऊन पाहिले: भोक लहान झालं, पण मागे जाड कड आली. कोपऱ्यात नववा टाका उचलून पुढच्या ओळीत दोन एकत्र विणले, तर तिथे गाठ दिसते. काउलची आतली बाजूही दिसणार, म्हणून नंतर भोकं शिवायची नाहीत. उसवायची तयारी आहे, दोनच थर झालेत.

उलट बाजूने उचलताना पहिला टाका नेमका कुठून घ्यायचा: कडेच्या पहिल्या साखळीतून, की दोन चौकोनांमधल्या आडव्या धाग्याला पीळ देऊन?