ओरेक्किएत्ते, बुझियाते, मालोरेद्दुस: कशाबरोबर काय करायचं?

माई सांगली
लेक इटलीत तुरिनला शिकायला आहे. गणपतीत आली तेव्हा पास्त्याची तीन पाकिटं घेऊन आली. ओरेक्किएत्ते (खोलगट, वाटीसारखे), बुझियाते (पीळ दिलेले, लांब) आणि मालोरेद्दुस (छोटे, रेघांचे). "सगळे एकाच सॉसमध्ये घालू नकोस गं," एवढं बजावून गेली, पण मग काय करायचं ते राहूनच गेलं. परवा वाट्यांचं पाकीट नेहमीसारखं केलं: बाटलीतला टोमॅटो सॉस, ढोबळी मिरची, वरून चीज. वाट्या एकमेकींत बसून चार-चारच्या उतरंडी झाल्या, मधे कच्च्याच राहिल्या. सॉस ताटात वेगळा, पास्ता वेगळा. अर्धं पाकीट अजून शिल्लक आहे. आम्ही शाकाहारी आहोत. कोणी नीट सांगेल का?

समुद्रपक्षी
माई, नवऱ्याच्या नोकरीमुळे मी 4 वर्षं बारीत काढली. पुलियातलं बंदर, ओरेक्किएत्तेचं माहेरच म्हणा. नावाचा अर्थ 'छोटे कान'. तिथल्या जुन्या शहरात आर्को बास्सोच्या बोळात बायका दारात टेबल टाकून ते वळत असतात. मी भाजी आणायला मुद्दाम त्या वाटेने जायचे. ड्युरम गव्हाचा रवा आणि कोमट पाणी, बस. अंडं नाही. बोटाएवढी वळी करायची, नखाएवढा तुकडा कापायचा, बोथट सुरीने तो फळीवर स्वतःकडे ओढायचा की तो गोल वळतो. मग अंगठ्यावर उलटा करायचा. बोलता बोलता हात चाललेले असतात. ओढल्यामुळे पाठ खरखरीत होते आणि पोटात खळगा पडतो. माझी आजी नखुले करायची तेव्हाचा अंगठा मला तिथे दिसायचा.

तिथे हे पालेभाजीत करतात. चीमे दि रापा म्हणजे सलगमच्या जातीची, किंचित कडसर भाजी. आपल्याकडे मुळ्याचा कोवळा पाला घ्या, कूळ एकच आहे. मोहरीची भाजी मिळाली तर फारच छान. भाजी वेगळी परतायची नाही, पास्त्याच्याच पाण्यात शिजवायची. म्हणजे शिजून मऊ पडलेली पानं त्या वाट्यांत जाऊन बसतात. ऑलिव्ह तेलात ठेचलेला लसूण आणि लाल मिरची मंद आचेवर, त्यात भाजीसकट पास्ता आणि डावभर ते पाणी, दोन मिनिटं जोरात हलवा. ते लोक यात अँचोवी मासा विरघळवतात. तुम्ही त्याऐवजी चार ऑलिव्ह बारीक चिरून घाला. वरून चीज नको. शिळ्या पावाचा चुरा तेलात खमंग परतून घाला, कुरकुरीतपणाशिवाय हा पदार्थ पुरा होत नाही.

उतरंडीचं कारण पाणी कमी पडलं हे. 100 ग्रॅमला 1 लिटर पाणी आणि 10 ग्रॅम मीठ, खळखळून उकळल्यावरच पास्ता टाकायचा आणि पहिली दोन मिनिटं ढवळणं सोडायचं नाही.

मालोरेद्दुस सार्डिनियाचे. तिथे सॉसेज, टोमॅटो आणि केशर घालून करतात, वर मेंढीच्या दुधाचं पेकोरिनो चीज. सॉसेजला बडीशेपेचा वास असतो, तेव्हा तुम्ही टोमॅटोच्या दाट रश्शात भरड कुटलेली बडीशेप आणि चार काड्या केशर घाला. रेघा आहेत त्या दाट रस धरायलाच. पातळ सॉस त्यांवरून ओघळून जातो.

खलबत्ता
बुझियातेचं मी सांगतो, कामानिमित्त त्रापानीला महिनाभर होतो. सिसिलीचं पश्चिम टोक. तिथल्या एका गवताच्या काडीला बुझा म्हणतात. त्या काडीवर कणकेची दोरी गुंडाळून काढली की हा पीळ पडतो. त्याच्याबरोबर त्रापानीची चटणीच हवी: साल काढलेले बदाम, लसूण, बेसिल आणि पिकलेले टोमॅटो न शिजवताच, ऑलिव्ह तेल घालून खलबत्त्यात कुटायचं. मिक्सर लावलात तर थांबत थांबत फिरवा, बदामाचा कण दाताखाली आला पाहिजे. ही चटणी गॅसवर ठेवायची नाही. निथळलेल्या गरम पास्त्यावर घालून कालवायची, बदामाची भरड पिळात शिरते. जेनोवाच्या खलाशांनी आपली लसूण-अक्रोडाची चटणी या बंदरात आणली आणि इथल्यांनी तिच्यात बदाम-टोमॅटो घातले, असं तिथे सांगतात.

गव्हाची लोंबी
समुद्रपक्षी, ते कान घरी करायचे तर रवा कुठला? साध्या रव्याचे मी केले, उकळत्या पाण्यात विरून गेले.

समुद्रपक्षी
बन्सी रवा घ्या. बन्सी हा आपल्याकडचा ड्युरम गहूच आहे, रंगानेच कळतो, पिवळसर. दुकानातला जाड असतो, तो मिक्सरमधून काढून मैदा-चाळणीने चाळा. 400 ग्रॅमला साधारण 200 ग्रॅम कोमट पाणी. दहा मिनिटं तळव्याच्या टाचेने मळा, ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा. आधी कोरडं, भुसभुशीत वाटेल. घाबरून पाणी वाढवू नका, अर्ध्या तासाने तेच पीठ कानाच्या पाळीसारखं मऊ लागतं. वळून झाले की सुती कापडावर सुटे पसरा आणि तासा-दोन तासांनी शिजवा. पहिले वीस-पंचवीस वाकडे होतील. माझेही झाले होते, शेजारच्या आजींनी ते न बोलता वेगळे काढून ठेवले आणि रात्री छोल्यांच्या सूपमध्ये घातले.

माई सांगली
सगळ्यांचे मनापासून आभार. आज मंडईतून मुळ्याच्या दोन जुड्या आणल्या, मुळे कोशिंबिरीला आणि पाला यात. मोठं पातेलं घेतलं, ढवळत उभी राहिले, एकही वाटी चिकटली नाही. पाला खरंच आत जाऊन बसतो, आणि पावाचा चुरा दुसऱ्यांदा परतावा लागला इतका संपला. लेकीला फोटो पाठवलाय. उद्यासाठी बदाम भिजत घातले आहेत.