पिंच हिटर म्हणजे नक्की कोण?

परवा ऑफिसात जाम गोची झाली माझी. अमेरिकेतला टीममेट चॅटवर म्हणाला उद्याच्या कॉलला माझ्यासाठी पिंच हिट करशील का, मला वाटलं क्लायंटला जरा झोडपायचंय, म्हणून रात्री बारापर्यंत बसून एकेक कडक मुद्दा काढला, आणि नंतर कळलं की हा बाबा डेंटिस्टकडे चाललेला, मी नुसतं त्याच्या जागी बसायचं होतं 😄 शब्द बेसबॉलचा आहे एवढं माहितीये. पण मग आपण क्रिकेटमध्ये ऐकतो तो पिंच हिटर कोण? आणि पिंच म्हणजे चिमटा ना?

प्रतिसाद १:
चिमटाच, पण इथे अर्थ अडचण, पेच. आपण अडीनडीला म्हणतो ना, अगदी तेच. अमेरिकेत २०२१ पर्यंत सर्रास दिसायचं ते असं: मॅच अडलीये आणि बॅटिंगला नंबर आलाय पिचरचा (म्हणजे बॉल टाकणाऱ्याचा), ज्याला बॅटिंगचा गंध नाही (आपला अकरा नंबरवाला समजा), तर मॅनेजर त्याला बसवतो आणि बाकावरचा दुसरा पाठवतो, तो पिंच हिटर. त्याने फटकावलंच पाहिजे असं काही नाही, चार वाईट बॉल सोडून फुकट बेस (धाव पुरी करायच्या वाटेवरचा टप्पा) घेतला तरी काम झालं. ज्याला बसवलं तो मात्र त्या मॅचमध्ये परत येत नाही.
१९८८ च्या वर्ल्ड सिरीजची (अमेरिकन बेसबॉलची फायनल) पहिली मॅच यूट्यूबवर बघाच. लॉस एंजेलिसची डॉजर्स टीम ४-३ ने मागे, शेवटची इनिंग, दोन आऊट (तिसरा गेला की खेळ खलास), एक जण बेसवर, आणि कर्क गिब्सन दोन्ही पाय दुखावलेले असताना लंगडत येतो तो पिचरच्याच जागी. समोर ओकलंडचा पिचर एकर्सली. होम रन (आपला सिक्सर समजा, बेसवरचाही घरी), मॅच खिशात! अख्ख्या सिरीजमध्ये गिब्सन तेवढा एकदाच बॅटिंगला आला.

प्रतिसाद २:
क्रिकेटवाल्यांनी शब्द उचलला आणि अर्थ तिकडेच ठेवून आले. आपल्याकडे तेव्हा बदली बॅट्समन चालत नव्हता, मग टीममधल्याच कुणाला तरी वरच्या नंबरवर पाठवून 'जा, हाण' म्हटलं की झाला पिंच हिटर. २००५ ला नागपुरात, जामठ्याचं नवं स्टेडियम व्हायच्या आधी, सिव्हिल लाइन्सच्या जुन्या ग्राउंडवर श्रीलंकेविरुद्ध इरफान पठाणला तिसऱ्या नंबरवर पाठवलेलं, ७० बॉलमध्ये ८३! जयसूर्यालाही लोक पिंच हिटर म्हणतात पण मला ते पटत नाही, तो कायमचा ओपनर होता, त्यात अडीनडी कसली.

प्रतिसाद १:
हो ना. आणि गंमत म्हणजे बेसबॉलमधला खरा पिंच हिटर आयपीएलमध्ये आला २०२३ ला, इम्पॅक्ट प्लेअर म्हणून. बोलर बाहेर, बॅटर आत, गेलेला परत नाही. पण पिंच हिटर हे नाव आधीच भलत्याला देऊन बसलो होतो!

प्रतिसाद ३:
मराठीत बदली फलंदाज म्हणता येईल पण त्यात पेच येत नाही. 'अडीनडीचा गडी' कसं वाटतंय?

धागाकर्ता:
गडी भारी! त्या टीममेटचा आज परत मेसेज आलाय, रूट कॅनालची दुसरी सिटिंग आहे म्हणे. यावेळी मुद्दे काढत नाही, म्यूटवर बसतो.