मदत हवी आहे : वायबीसीओची पेलेट (दाबून केलेली चकती) चुंबक हवेत उचलतच नाही

इंदूरला एम.एस्सी. फिजिक्स करतेय, शेवटचं सेमिस्टर. प्रोजेक्ट इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडवर, म्हणजे वायबीसीओवर आहे. द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनला अतिवाहकता (विजेला शून्य प्रतिरोध) दाखवणारा हा पहिला पदार्थ, १९८७ चा. प्रतिरोध ९२ केल्विनच्या आसपास शून्य व्हायला हवा. माझा उलट थंड होताना वाढतोय.

१० ग्रॅमसाठी इट्रियम ऑक्साइड १.६९५, बेरियम कार्बोनेट ५.९२४, कॉपर ऑक्साइड ३.५८२ ग्रॅम. खलात दोन तास घोटलं, ९०० अंश सेल्सिअसला १२ तास भाजलं, परत घोटून ९२० ला भाजलं. मग पेलेट दाबून ॲल्युमिनाच्या बोटीत (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या लांबट भांड्यात) ९४० ला २४ तास. दुसऱ्यांना भट्टी हवी होती, म्हणून गरम असतानाच बाहेर काढली. वरून काळी आहे, पण कुठे कुठे हिरवट झाक दिसते. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी स्फटिकरचना पाहण्याच्या चाचणीत) ३२.५ आणि ३२.८ अंशांची जोडी आहे, त्यातलं डावं शिखर जास्त उंच.

सगळं पहिल्यापासून करू का? सबमिशनला तीनच आठवडे उरलेत, रात्री झोप लागत नाही.

प्रतिसाद :
घाबरू नकोस, वजनं बरोबर आहेत. डावं शिखर उंच म्हणजे स्फटिकाची रचना टेट्रागोनल (चौरस तळाची, ऑक्सिजन कमी असलेली) राहिली. ९४० अंशांना या पदार्थातला ऑक्सिजन निघून जातो. सावकाश थंड केलं तरच तो परत आत शिरतो, तांबे-ऑक्सिजनच्या साखळ्या जुळतात आणि रचना ऑर्थोऱ्हॉम्बिक (आयताकृती तळाची, अतिवाहक) होते. तू नेमकी तीच वेळ दिली नाहीस. ऑक्सिजनच्या प्रवाहात ४५० अंशांना २४ तास ठेव, मग भट्टीतच थंड होऊ दे. उजवं शिखर वर आलं की जमलं.

हिरवं म्हणजे २११ फेज, इट्रियम, बेरियम आणि तांबे २:१:१ प्रमाणात असलेलं वेगळं संयुग. आधी सांग, ते वर आहे की बोटीला टेकलेल्या बाजूला? आणि बेरियम कार्बोनेट विषारी असतं, घोटताना मास्क लाव.

धागाकर्ती :
काका, आत्ता उलटून पाहिलं. फक्त खालीच आहे!

प्रतिसाद :
मग ॲल्युमिनाने बेरियम ओढून घेतलंय. तेवढा थर पॉलिश पेपरने घासून काढ, पाणी अजिबात लावू नकोस. पुढची पेलेट आपल्याच पावडरच्या थरावर ठेव. आणि ऑक्सिजनमधून काढलेली डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या हवाबंद भांड्यात) ठेव, इंदूरचा पाऊस तोंडावर आलाय.